त्रेचाळीस जटा

७ ऑक्टोबर १९८४, रविवार

वास! माझ्या डोक्याला वास येतो म्हणे!

मामाला, म्हणजे माझ्या आईला, चर्चमधून घरी न्यायला गेले होते. चर्चचा कारभारी डीकन पिनॉक पायऱ्या उतरून आला, माझा हात हातात घेतला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तसा हसत म्हणाला, "मिस क्लोव्हर, वाचनालय समितीकडे पत्र आलंय. डोंगरातल्या वाचकांचं. तुमच्या... डोक्याबद्दल. वासाची तक्रार आहे." मग आवाज खाली आणून, "ते एकदाचं कापून टाका ना. सगळा प्रश्नच मिटेल."

कापून टाका! गवत आहे का ते?

पत्र दाखवा म्हटलं. तर म्हणे, सव्वीस तारखेला समितीपुढे येईल, तोवर गुप्त. आणि मग समिती ठरवेल: केस की माझी फिरत्या वाचनालयाच्या पुस्तकगाडीवरची नोकरी. यातलं एक.

अकरा वर्षं झाली या डोक्याला लोखंड लागलेलं नाही. कात्री नाही, वस्तरा नाही, कंगवा नाही. तो माझा देवाशी केलेला करार आहे, पिनॉकशी नाही. त्याच्या आजीच्या आजीला गुलामांच्या बोटीतून उतरवल्यावर आधी काय केलं असेल गोऱ्यांनी? डोकं भादरलं! आणि हा त्यांचाच वस्तरा घेऊन रविवारी पायऱ्यांवर उभा!

मामाने सगळं ऐकलं. डाव्या हाताने टोपी सरळ केली आणि म्हणाली, "पाऊस येतोय."

बस. तेवढंच.

८ ऑक्टोबर

कालचा राग उतरलेला नाही. उतरू देणारही नाही.

मामाचंच घ्या. एप्रिलमध्ये तिला झटका आला, उजवा हात गेला. मी मेमध्ये राजधानी किंग्स्टनहून बदली मागून इथे, पोर्टलंड परगण्याच्या या सततच्या पावसात आले. अकरा वर्षं तिच्या प्रत्येक पत्राची सुरुवात "तुझ्या डोक्यासाठी रोज प्रार्थना करते" अशी असायची, तरी आले. दारातच अट: "माझ्या घरात ते उघडं दिसायला नको." बरं. बांधते फडकं. बाहेर तर आमच्या जटाधारी पंथाच्या रीतीप्रमाणे बांधतेच, घरातही बांधते. उठल्यापासून झोपेपर्यंत. झोपेतसुद्धा!

पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, मामा, केस विंचरून देऊ का? तर म्हणाली, "तुझ्याकडे कंगवा तरी आहे का?"

नाही माझ्याकडे कंगवा. अभिमानाने नाही! पुन्हा विचारलं नाही मी. तेव्हापासून बाई घरातही चर्चची काळी टोपी घालून बसते. जेवताना टोपी, आंघोळीला टोपी आणि वर प्लास्टिकची पिशवी. हे कोणासाठी आहे ते न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. रोज सकाळी उठून मला हा टोमणा बघायचा.

९ ऑक्टोबर, मंगळवार

डोंगराची फेरी. ड्रायव्हर मिस्टर विंटने आजही पुस्तकगाडीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. बाहेर धो धो! पुस्तकांच्या पहिल्या दोन फळ्या ओल्या. मी ओरडले.

"इंजिन तापतं, मिस क्लोव्हर. आत गरम होतं."

"पावसात?"

"पावसात तर जास्तच."

बत्तीस वर्षं गाडी चालवतोय आणि असलं विज्ञान!

वरच्या वस्तीत पर्लीन आणि तिच्या मैत्रिणी छत्र्या घेऊन गाडीबाहेरच उभ्या. आत या, निवांत बघा म्हटलं, तर "पायांना चिखल आहे हो, मिस क्लोव्हर." किती समजूतदार! बाहेरूनच नावं सांगितली, मी आतून पुस्तकं दिली. पर्लीनने भाजलेला नीरफणस दिला, अजून गरम, केळीच्या पानात. तिचा हात माझ्या हातावर नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ होता. तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाली, "जपून जा हं."

या बायका पत्र लिहिणार? शक्यच नाही. ही पोस्टातल्या डॉर्कसची कामगिरी. पिनॉकच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी असते ती. डोंगराचं नुसतं नाव घेतलंय.

१३ ऑक्टोबर, शनिवार

धुण्याचा दिवस. पिंपातलं पावसाचं पाणी, कोरफडीचा गर, पिमेंटोच्या सुगंधी पानांचा काढा. एकेक जट बोटांत धरून पिळायची, मुळापासून टोकापर्यंत. मग मुळाशी बोटं घालून शेजारच्या जटा वेगळ्या करायच्या, नाहीतर त्या एकमेकींना धरतात आणि एक होतात. त्रेचाळीस आहेत. प्रत्येकीची ओळख आहे मला. उजव्या कानामागची सगळ्यात हट्टी. कपाळावरची मधली सगळ्यात पहिली धरलेली, त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, मी भाषण करत असताना. बोलता बोलता हात लावला तर केस सुटेनात! वाक्य विसरले होते. आयुष्यात एकदाच.

मानेवरच्या मात्र नीट होत नाहीत. किंग्स्टनला शनिवारी आम्ही सगळ्याजणी अंगणात ओळीने बसायचो, एकीच्या पाठीशी दुसरी. मागचं मागची बघायची. इथे माझ्या मागे कोण बसणार? भिंत?

डॉर्कसच्या भाचीने बाजाराजवळ केशकर्तनालय काढलंय. मला हाक मारून म्हणते, "मावशी, आता इतकी वाट बघावी लागत नाही. मेण आणि क्रोशाची सुई घेतली की एका दुपारी डोकंभर जटा! आणि छान एकसारख्या!" एकसारख्या! मेण! मी काय मेणबत्ती आहे? जट बनवायची नसते पोरी, येऊ द्यायची असते. धुवायचं, सोडून द्यायचं, नऊ महिने लोकांचं हसणं ऐकून घ्यायचं. ते नऊ महिनेच तर खरे! ते तू सुईने कसे भरणार?

चांगली अर्धा तास सुनावली. रस्त्यावर माणसं जमली. भाची सुई हातात धरून उभी.

दुपारी मामा उठायच्या आत फडकं बांधून टाकलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

वीरदिनाची सुट्टी. बाजारचौकात भाषण. सकाळी घाम आणि धूळ नको म्हणून डोक्यावरून पुन्हा पाणी घेतलं, घट्ट पिवळं फडकं गुंडाळलं, त्यावर लाल, आणि निघाले. पन्नास मिनिटं बोलले. चौक नुसता दणाणला! "जे राज्य आपल्या डोक्यावरचा केस सहन करू शकत नाही, ते डोक्यातला विचार काय सहन करणार!" यावर टाळ्या थांबेनात.

पिनॉक लांब उभा होता. नाकाला रुमाल लावून. नाटकी माणूस!

१८ ऑक्टोबर

समितीपुढच्या भाषणाचे मुद्दे झाले: दहा. पाचवा सर्वांत जहाल. "वास" हा शब्द सत्ताधाऱ्यांनी कधी कोणाविरुद्ध वापरला, त्याचा इतिहास. गुलामांच्या बोटीपासून सुरू करणार आहे. मळ्यातल्या मजुरांना मालकाच्या पडवीत उभं राहू देत नसत, कारण? वास! पहिल्या काळ्या शिक्षकाला वर्गात मागे बसवलं, कारण? वास! दुर्गंध नेहमी खालच्याचाच असतो, वरच्याचं अत्तर असतं.

मोठ्याने वाचून बघितलं. मामाने दारात येऊन विचारलं, "किती वेळ लागेल याला?"

चाळीस मिनिटं.

"मग ते कबूल होतील. कंटाळून."

तिला हसू येत होतं असं वाटलं. पण टोपीखाली काय कळतंय!

२० ऑक्टोबर, शनिवार

धुतलं. पिळलं. बांधलं.

२१ ऑक्टोबर

पाऊस, पाचवा दिवस. उशी बदलली. या घराच्या भिंतींना इतकी ओल आहे की उशीलासुद्धा कुबट वास लागतो. मालकाला सांगायला हवं. मालक म्हणजे मामाच. राहू दे.

२४ ऑक्टोबर

विंटला सांगितलं, शुक्रवारी समितीपुढे साक्ष द्यायला या. तुम्ही रोज माझ्या शेजारी बसता, तुम्हीच सांगा, वास येतो का?

स्टिअरिंगकडे बघत बसला. मग म्हणाला, "मिस क्लोव्हर, मी साधा ड्रायव्हर. मला इंजिनातलं कळतं."

भित्रा! पेन्शनला दोन वर्षं उरलीत म्हणून माणसाने जीभ गिळावी?

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचंच आहे. जसं झालं तसं.

वाचनालयाची मागची खोली. तिघांची समिती. पिनॉक अध्यक्ष. दुसरा शाळेतला गणिताचा मास्तर, जो कधीच बोलत नाही. तिसरी नर्स बोगल: निवृत्त सुईण, अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली, माझीसुद्धा. पिनॉकने पत्रातली एक ओळ वाचली: "पुस्तकगाडीच्या बाईंच्या डोक्याला वास येतो." घडी घातली, खिशात ठेवलं.

मी उभी राहिले. दहाच्या दहा मुद्दे. पाचव्याला मास्तरने मान हलवली, खरंच हलवली! आठव्याला पिनॉकने घड्याळ बघितलं. शेवटी म्हटलं, "हा वास माझ्या केसांचा नाही, तुमच्या तीनशे वर्षांच्या लाचारीचा आहे! ज्याने हे पत्र लिहिलं त्याने समोर यावं!"

दाराशी विंट टोपी हातात घेऊन उभा होता. आला होता तर! तो हळूच म्हणाला, "डीकन, पत्र पूर्ण वाचा ना."

पिनॉक म्हणाला, महत्त्वाचं तेवढं वाचलंय.

नर्स बोगलने हात पुढे केला. "आण इकडे. तू जन्मलास तेव्हा तुझंही महत्त्वाचं तेवढंच बघितलं असतं तर बरं झालं असतं."

तिने चष्मा लावून वाचलं. प्रत्येक शब्द माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे.

"आमच्या पुस्तकगाडीच्या बाईंच्या डोक्याला वास येतो. ओलं धान्य पोत्यात राहिल्यावर येतो तसा. त्यांच्या जटांबद्दल आमचं काही म्हणणं नाही, आमच्या घरोघरी जटावाले आहेत, त्यांना असा वास येत नाही. म्हणून काळजी वाटते. कोणीतरी मोठ्या माणसाने त्यांना मायेने सांगावं. आम्हीच सांगितलं असतं, पण त्या भाषण करतात. कृपा करून गाडी बंद करू नये. त्यांच्यासारखी पुस्तकं कोणी आणलेली नाहीत."

चौदा सह्या. पहिली पर्लीनची.

पण त्या भाषण करतात.

मी विंटकडे बघितलं. तो म्हणाला, "इंजिन नव्हतं तापत, मिस क्लोव्हर."

समितीने एक महिना दिलाय. पिनॉकचं म्हणणं, महिन्यात वास जावा नाहीतर केस जावेत. नर्स म्हणाली, वास जाईल, केसांचं नाव काढू नको.

आता, पिनॉक चूक आहेच! अर्धं पत्र खिशात घातलं त्याने! मायेची ओळ दडवली आणि कापायची ओळ स्वतःची जोडली! पाचवा मुद्दा मी एका शब्दानेही मागे घेत नाही.

आणि वासही खरा आहे.

दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं? पण आहे. घरी आल्यावर फडकं सोडलं आणि पहिल्यांदा नाकाशी धरलं.

ओलं धान्य. बरोबर तेच.

२७ ऑक्टोबर, शनिवार

सकाळीच नदीवरून वर आमच्या पंथातल्या ब्रदर एनॉककडे गेले. आलं लावतो, एकटा राहतो, जटा गुडघ्याच्या खाली. या बाबतीत त्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही.

त्याने मला दगडावर बसवलं, मागे उभा राहिला, एक जट मधोमध दोन बोटांत दाबली. पाणी आलं. गढूळ.

"हे कधी धुतलंस, सिस्टर?"

"शनिवारी."

"आज शनिवार आहे."

"गेल्या शनिवारी."

त्याने शेजारची जटही दाबली. मग, "ओल्यावर बांधतेस?"

मी सांगायला लागले: आपली रीत, बाईने चार माणसांत डोकं झाकावं, शिवाय माझ्या आईच्या घरात...

"रीत कोरड्या डोक्याची आहे. ओल्या डोक्याची कुठलीच रीत नाही, फक्त ऊन आहे. किंग्स्टनमध्येही अशीच बांधायचीस?"

तिथे धुतल्यावर दिवसभर अंगणात बसायचो. तासाभरात कोरडं.

"म्हणजे काम उन्हाने केलं, आणि भाषणं तू."

हे मला! मला कोणी असं बोललेलं नाही. पण त्याचा हात माझ्या मुळांत होता, उठता येईना.

मानेवर दोन जटा एक झाल्यात म्हणाला, मनगटाएवढी जाड झालीय, ओल तिथेच जास्त मुरलीय. मला वाटलं आता चाकू काढणार. डोळे मिटले. अकरा वर्षं, आणि शेवटी लोखंड!

"लोखंड कशाला? बोटं आहेत," म्हणाला. मुळापासून फाडत गेला, कापड फाडावं तसं, बोटभर, मग बोटभर. दुपार झाली. डोळ्यांतून पाणी. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "मागचं स्वतःचं स्वतःला दिसत नाही. एवढं वाढेपर्यंत घरात कोणी बघून दिलं नाही तुला?"

मी डोळे पुसले.

मग व्हिनेगर आणि लिंबाच्या पाण्यात सगळं डोकं बुडवून ठेवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. तीन वेळा. बादलीतलं पाणी बघवत नव्हतं. उपाय सोपा सांगितला: महिनाभर फडकं नाही. घरात नाही, झोपेत नाही. ऊन असेल तेव्हा ऊन, नाहीतर चुलीची धग. वास जाईल. नाही गेला तर आतून कुजेल, आणि मग देवही म्हणेल काप.

महिनाभर उघडं डोकं. मामाच्या घरात.

२८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उघड्या डोक्याने स्वयंपाकघरात गेले. मामा टेबलाशी बसली होती, टोपी घालून, पुढ्यात उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा. डाव्या हाताने काटा धरणं तिला अजून जमत नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

"झाक."

"नाही मामा. ओल्यावर बांधल्यामुळे कुजायला लागलंय. तुझ्या अटीमुळे! धुतल्यावर बांधायचंच नसतं! पाच महिने मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी? तुझ्या तोऱ्यासाठी. एकदा तरी सांगितलंस का, मामा, हे वाळवायला लागतं म्हणून?"

"तू ऐकलं असतंस?"

"तू विचारलं असतंस?"

मी म्हटलं, माझ्याकडे बघवत नाही तुला, घरातसुद्धा माझ्यावर निषेध म्हणून टोपी चढवून बसतेस! तशी तिने काटा खाली ठेवला. चेहरा असा झाला की जणू मी काहीतरी फोडलंय. पण राग होता मला, मी थांबले नाही. सांगून टाकलं की उद्या वाचनालयामागच्या खोलीत राहायला जाते, दोन वेळचं जेवण आणून देईन, आंघोळ घालायला येईन, पण डोकं झाकणार नाही आणि कापणार नाही.

"जा," म्हणाली.

चर्चला गेली नाही आज. पहिल्यांदाच.

ऊन पडलंय. पायरीवर बसून लिहितेय. जटा कोरड्या व्हायला लागल्या की हलक्या होतात हे विसरलेच होते. चव्वेचाळीस झाल्या आता.

२९ ऑक्टोबर, सोमवार

बॅग दारात होती. विंट आठला येणार होता. मामाने हाक मारली. पलंगावर बसलेली, पाठ माझ्याकडे.

"टोपी काढ माझी."

काढली. मागे मानेवर, जिथे एप्रिलपासून तिचा हात पोचला नाही आणि माझा मी पोचवला नाही, तिथे दोन जटा. पांढऱ्या. घट्ट. कोणी न वळता धरलेल्या.

मी काही बोलले नाही. मी!

मामा भिंतीकडे बघत म्हणाली, "धुतल्यावर लगेच बांधायचं नाही, होय ना गं?"